चष्मा ठेव, मग जा

आमच्या धंद्याला मराठीत धड नाव नाही. कागदावर 'विज्ञानशिक्षण संशोधक' असं लिहितात, पण तोंडानं सांगितलं की ऐकणारा एक तर 'विज्ञान' ऐकतो नाही तर 'शिक्षण'. उरलेलं वाऱ्यावर जातं. माझी आत्या शेवटपर्यंत लोकांना सांगायची, "आमची सुधा शास्त्रज्ञ आहे, पण ते रॉकेटवाले नव्हेत हं!" जव्हारच्या जीपवाल्यांना मी बरीच वर्षं लसवाली बाई वाटत होते. मोखाड्याच्या बाजूला एका शाळेत मला तपासणीवाली समजून गुरुजींनी शेजारच्या वर्गातली हुशार पोरंसुद्धा आणून पुढे बसवली होती. वर चहा आणि बिस्किटं. मी कसलीच तपासणी करत नाही हे कळल्यावर बिस्किटांची बशी हळूच आत गेली.

तर मी करत काय होते, ते एकदा सांगून टाकते. आजूबाजूला जे घडतं त्याबद्दल मुलांच्या डोक्यात काय चाललेलं असतं, ते मी शोधत होते. सावली कशानं पडते, पातेलं गार का लागतं, ओलं फडकं वाळतं तेव्हा त्यातलं पाणी जातं कुठं. विचारलं की मूल काहीतरी उत्तर देतंच. ते चूक की बरोबर याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. ते तसं का म्हणतंय, याच्याशी आहे. ते कळलं तर पुस्तकं बरी लिहिता येतात, शिकवणाऱ्याला मुलाची अडचण कुठे आहे ते दिसतं. निदान आमची तशी समजूत आहे.

या धंद्यात सरळ रस्त्यानं कोणी येत नाही. मी नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. वर्गात कायम पहिली येणारी एक मुलगी एकदा तासानंतर थांबली आणि म्हणाली, "मॅडम, पेपरात लिहायचं ते येतं मला. पण खरं काय असतं?" झालं! तो प्रश्न डोक्यात शिरला तो निघेचना. चाळिशीला टेकले असताना नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी झाले आणि पीएचडी केली, तीही ना धड भौतिकशास्त्रातली ना धड शिक्षणशास्त्रातली. भौतिकवाले म्हणाले, "गणित झेपेना वाटतं." शिक्षणवाले म्हणाले, "या कोण आम्हाला शिकवणार?" आमच्या छोट्याशा केंद्रात सगळी अशीच मंडळी. एक वनस्पतिशास्त्रातून आलेला, एक बँक सोडून आलेली, एक तर पथनाट्यं करणारा. प्रकल्प संपला की पांगायचं, नवा मिळाला की पुन्हा जमायचं. मी एका प्रकल्पासाठी जव्हारला खोली घेतली आणि निवृत्त झाले तरी ती सोडलेली नाही.

आमच्या कामाला यंत्र लागत नाही, चेहरा लागतो. कोरा चेहरा. मूल म्हणालं, "सूर्य रात्री मामाकडे जातो," तरी भुवई उचलायची नाही, मान डोलवायची नाही, 'छान' म्हणायचं नाही. "अच्छा. असं का वाटतं तुला?" एवढंच, आणि तेही एकदाच. कारण शाळेत गेलेल्या मुलाला पक्कं ठाऊक असतं की बाईंनी पुन्हा विचारलं म्हणजे आपलं चुकलं. पहिल्यांदा 'पाणी वर गेलं' म्हणणारं पोर दुसऱ्यांदा विचारलं की 'खाली गेलं' म्हणतं आणि तिसऱ्यांदा विचारलं की रडतं.

दुसरा नियम त्याहून कठीण. खरं उत्तर सांगायचं नाही. काही महिन्यांनी त्याच मुलांना पुन्हा तेच विचारायचं असतं, आणि एकाला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पाडाभर होतं. मुलाखत संपली की प्रत्येक मूल विचारतं, "बाई, बरोबर काय?" आणि आम्ही म्हणतो, "मग सांगू." ते 'मग' पुष्कळदा यायचंच नाही. प्रकल्प संपायचा, अहवाल जायचा, आम्ही दुसरीकडे. त्याची रुखरुख मला अजून आहे.

कधी कधी प्रश्नच फसायचा. एकदा ऐन चैत्रात सूर्यमाळला मी सकाळी अंगणात वाटीभर पाणी ठेवलं आणि दुपारी एका चिमुरडीला विचारलं, "पाणी कमी झालं. कुठं गेलं?" तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "कोणी पण पिला असल. तू पाणी असा उघडा टाकून जातीस, येडी का काय?" जिथं हंड्यासाठी पहाटे डोंगर उतरावा लागतो तिथं हा प्रश्न घेऊन जाणारी मी! तेव्हापासून पाण्याची वाटी बंद केली आणि पावसाळ्यात ओलं फडकं सुरू केलं. पावसात प्रत्येक घरात चुलीवरच्या बांबूंवर काही ना काही वाळत असतंच.

जयवंती माझ्याकडे आली ती या फडक्याच्या प्रकल्पात. मुलगी पोशेऱ्याची. बाप शेतकरी, मोठा भाऊ अशोक तालुक्याच्या कचेरीत कारकून. हिनं एम.एस्सी. केली, शिक्षक भरतीची परीक्षाही देऊन ठेवली, आणि निकाल लागेपर्यंत काहीतरी काम म्हणून आमच्याकडे मदतनीस झाली. नव्या लोकांकडून आम्ही कोऱ्या चेहऱ्याची तालीम करून घेतो. एकानं मूल व्हायचं आणि वाट्टेल ते बोलायचं, दुसऱ्यानं विचारायचं. पथनाट्यवाला आमचा गडी असला इरसाल, की भले भले तिसऱ्या वाक्याला फिस्सकन हसायचे. जयवंती हसली नाही. ती त्याला विचारत राहिली, आणि विचारता विचारता असं वाटायला लागलं की हिला खरंच ठाऊक नाही आणि हिला खरंच जाणून घ्यायचंय. शेवटी तोच गोंधळून म्हणाला, "बाई गं, मी हे खोटं खोटं बोलतोय!"

तेव्हाच मी मनात म्हटलं, ही पोर सोडायची नाही. तिला म्हटलं नाही. सवय! पीएचडीला नाव घाल, एवढं सुचवलं. तिनं घातलं. घरात धुसफूस झाली, पण भावानं सांगितलं, भरतीची यादी लागेपर्यंत कर काय करायचं ते.

तिच्या प्रबंधासाठी आम्ही सूर्यमाळच्या अलीकडचा एक पाडा धरला. भाद्रपदात पहिली फेरी, दिवाळीनंतर दुसरी. त्याच्या पुढे ढकलता येत नाही, कारण भात झोडून झालं की कुटुंबंच्या कुटुंबं पोरांसकट कामासाठी खाली उतरतात. इथं त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. जगायला गेलेल्या मुलांना प्रश्न विचारायला आपण कुठं कुठं हिंडणार?

पहिली फेरी झकास झाली. एक म्हणाला, पाणी चुलीनं पिलं. एक म्हणाली, फडक्यातच मुरलं, परत भिजवलं की वर येतं. एक म्हणाला, धुरासंगं गेलं. जयवंती त्यांच्या घरच्या बोलीत विचारत होती आणि पोरं भडाभडा बोलत होती. सगळं आटोपून आम्ही निघालो, तर ज्या घरात बसून पोरांशी बोललो त्या घरातली डोकरी, म्हणजे म्हातारी, उंबऱ्यात बसलेली. उठेचना.

"आजी, वाट द्या," मी म्हटलं.

"जाशील कठं? कोडा घातलास ना पोरांना? फोड आधी."

मी समजावलं की हे कोडं नव्हे, हा अभ्यास आहे, दिवाळीनंतर येऊन सांगू. डोकरी जागची हलली नाही. जयवंतीनं मला बाजूला घेतलं. तिचा चेहरा नेहमीसारखा कोरा, पण आवाज बारीक. "मॅडम, आमच्यात कोडं घालणाऱ्यानं उत्तर दिल्याशिवाय उठायचं नसतं. तसंच उठलं तर पुन्हा त्या घरात कोणी आपल्याशी बोलत नाही."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"आपण कोडं घालतोय असं मलाही वाटलं नव्हतं."

आता आली का पंचाईत! उत्तर सांगावं तर दुसरी फेरी बाद. न सांगावं तर दुसऱ्या फेरीला पाड्यात पाऊल नाही. दोन्हीकडून जयवंतीचा प्रबंध बुडणार. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं डोकरीकडे. मग ती डोकरीशेजारी जाऊन बसली आणि हळू आवाजात बराच वेळ काहीतरी बोलली. उठली तेव्हा म्हणाली, "एक वाट आहे. उत्तर नंतर द्यायचं असेल तर काहीतरी ठेवून जायचं. आल्यावर उत्तर द्यायचं आणि ती ठेव सोडवायची." तिनं गळ्यातली ओढणी काढली.

डोकरीनं ओढणी परत केली. "तू आमचीच. तुझी ठेव कशाला? ही मोठी बाय ठेवल." मी छत्री पुढे केली. डोकरीनं छत्रीकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि बोट माझ्या नाकाकडे केलं. "तो चष्मा ठेव. त्याच्याबिगर तुझा चालायचा नाय. त्यासाठी तरी येशील."

मी चष्मा काढून दिला. काय करता! डोंगर उतरताना जयवंतीनं माझा हात धरला होता आणि ती हसू दाबत होती, हे मला दिसत नसलं तरी हाताला कळत होतं. दिवाळीपर्यंत मी एका काडीचा जुना चष्मा कानाला दोरा बांधून वापरला. बहिणीचा पुण्याहून फोन आला तेव्हा तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "शास्त्रज्ञ ना तू? चष्मा गहाण टाकून आलीस?"

दिवाळी झाल्यावर गेलो तर पोरं पाड्याबाहेर वाट बघत उभी. आम्ही बसायच्या आत सांगायला सुरुवात. झालं होतं असं, की चष्मा घरात राहिला म्हणून कोडं जिवंत राहिलं. रोज संध्याकाळी डोकरी चष्मा डोळ्याला लावायची आणि विचारायची, "सांगा रे, फडक्यातला पाणी गेला कठं?" मग पोरांनी खटपटी केल्या. एक फडकं चुलीवर टाकलं, एक चुलीपासून लांब. लांबचंही वाळलं, म्हणजे चूल पीत नाही. एक फडकं मिठाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. ते वाळेचना, उलट पिशवीला आतून थेंब धरले. "पाणी बाहेर पडाया बघत व्हता, पर वाट नव्हती," फडक्यात पाणी मुरतं म्हणणारी पोरगी सांगत होती.  चेहरा कोरा ठेवला, पण फार कष्ट पडले.

मग मी उंबऱ्यापाशी जाऊन डोकरीला उत्तर दिलं. पाणी दिसणार नाही इतकं बारीक होऊन हवेत जातं. डोकरी म्हणाली, "एवढाच? हे तर पोरांनी कवाच सांगितला." आणि फडक्यात गुंडाळलेला चष्मा आणून दिला. वर ऐकवलं, "तुझे डोळे लय खराब हायेत गं बाय."

आम्ही डोंगर उतरायला लागलो. आनंद एकीकडे, पण धंद्याची अक्कल दुसरीकडे. जयवंतीचा प्रबंध होता, कोणी काही न करता मुलांचे विचार काही महिन्यांत आपोआप कसे बदलतात यावर. आणि इथं तर रोज संध्याकाळी चष्मा लावून डोकरी त्यांना ढोसत होती! आपोआप कसलं? मोजायला गेलो होतो ते आम्हीच ढवळून आलो होतो.

समितीनंही तेच म्हटलं. समिती म्हणजे दर वर्षी काम तपासणारे तीन ज्येष्ठ लोक. वाईट माणसं नव्हेत. एक तर चष्म्याचं ऐकून खळखळून हसले. मग म्हणाले, "हे सोन्यासारखं आहे, पण ठरवलेल्या प्रश्नाचं उत्तर हे नव्हे. प्रश्न बदला. कोडं न फोडता ठेव ठेवून गेलं तर मुलं काय करतात, हाच विषय घ्या. पण मग दुसरे पाडे घ्या, काही ठिकाणी ठेव, काही ठिकाणी नाही. पुढचा पावसाळा लागेल." म्हणजे आणखी एक पूर्ण वर्ष. मी मार्गदर्शक म्हणून तिथे बसले होते. मार्गदर्शकानं मध्ये पडायचं नाही, या नियमाप्रमाणे बोलले नाही.

त्याच आठवड्यात भरतीची यादी लागली. जयवंतीचं नाव वर होतं. वांगणीच्या बाजूची शाळा, कायम नोकरी, हजर व्हायची मुदत जवळची. ती माझ्या खोलीवर आली. चहा केला. तिनं प्यायला नाही.

"मॅडम, मी काय करू?"

माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. राहा, असंच होतं. पण कुठल्या तोंडानं म्हणायचं? या धंद्यात पेन्शन नाही, पुढच्या वर्षाची खात्री नाही, पन्नाशीला आलं तरी आत्याला समजावत बसावं लागतं. तिच्या घरातली ही पहिली एम.एस्सी. आणि हाताशी आलेली सरकारी नोकरी. माझ्या शब्दानं ती नोकरी हातची गेली आणि पुढं काही झालं नाही, तर? म्हणून मी केलं ते, जे मला सगळ्यात चांगलं येतं. चेहरा कोरा केला आणि विचारलं, "तुला काय वाटतं?"

 तिनं हात पुढे केला.

"मग चष्मा ठेवा."

"काय?"

"कोडं घातलंत ना? उत्तर नाही द्यायचं, तर चष्मा ठेवा. मग जाते मी."

मी हसले. ती हसली नाही. मी चष्मा काढून तिच्या हातावर ठेवला. ती गेली, आणि मला जिना उतरतानाची तिची पावलं ऐकू आली, दिसली नाहीत.

दोरा बांधलेल्या चष्म्याची उरलेली काडीही नेमकी दुसऱ्या दिवशी मोडली. वाचता येईना, लिहिता येईना. रिकामं बसलं की माणूस विचार करतं. मुदतीच्या आदल्या दिवशी सकाळी मी पोशेऱ्याची जीप धरली. उतरल्यावर वाटेत एका कुंपणावर वाळत घातलेल्या सदऱ्याला मी "जयवंतीचं घर कुठलं हो?" असं विचारलं. मागून येणाऱ्या बाईनं हसत हसत घरापर्यंत पोचवलं.

अंगणात तिचे वडील बांबूच्या कामट्या सोलत होते. अशोक कचेरीत निघायच्या तयारीत, पायात बूट. जयवंती आतून आली आणि दारात उभी राहिली. मला सगळे अंधुक दिसत होते. एका परीनं ते बरं झालं.

"मी उत्तर द्यायला आलेय," मी म्हणाले. "आमच्या धंद्यात पुढं काय वाढून ठेवलंय ते मला सांगता येत नाही. कायम नोकरी मिळेल की नाही, ठाऊक नाही. वर्षांमागून वर्षं जातात. लोकांना आपण काय करतो ते कळत नाही. हे सगळं खरं आहे. पण इतकी वर्षं मी या कामात काढली, आणि मुलाला प्रश्न विचारणारं हिच्यासारखं माणूस मी पाहिलेलं नाही. मलाही हिच्यासारखं जमत नाही. मला ही हवी आहे. राहा, असं माझं उत्तर आहे. चुकीचं असू शकेल, पण माझं तेच आहे."

कामट्या सोलायचा आवाज थांबला.  अशोक म्हणाला, "हे आज सांगताय मॅडम?"

"म्हणजे?"

"अहो, आम्ही हिला कधीपासून विचारतोय, मॅडमचं म्हणणं काय? ही म्हणते, मॅडम काही बोलत नाहीत. समितीत नाही बोलल्या, मी खोलीवर गेले तेव्हाही नाही बोलल्या. आमच्याकडे मोठं माणूस गप्प बसलं की तो नकारच असतो. आम्ही म्हटलं, पोरीत दम नसणार, मॅडमना तोंडावर सांगवत नसेल. म्हणून तर ही नोकरी घे असं मी हिच्या मागे लागलो."

वडील इतका वेळ खाली बघत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, येवढा चांगला बोलाया येत व्हता, तर इतके दिस कुठं ठेवला व्हता?"

मला रडू आलं. त्याची लाज वाटली नाही.

जयवंती पायरी उतरून आली. माझा चष्मा तिनं ओढणीच्या टोकात बांधून ठेवला होता. तिनं गाठ सोडली, काचा ओढणीनं पुसल्या आणि चष्मा माझ्या हातात दिला.

मी तो डोळ्यांना लावला आणि आधी तिच्याकडे पाहिलं. चेहरा मी शिकवला तसा होता, अगदी कोरा. भुवई नाही, मान नाही, काही नाही. तेवढ्यात वडील म्हणाले, "मग आता पुढच्या पावसाला कुठल्या पाड्यात जायचा?" आणि मग मात्र तिला तो चेहरा ठेवता आला नाही.